सुक्याबरोबर ओलंही: खरा मेल स्पॅममध्ये का अडकतो आणि तो कसा सोडवायचा

तुम्ही बिल पाठवलं, समोरचा म्हणतो आलंच नाही. तुमच्या 'सेंट'मध्ये मेल दिसतोय म्हणून तुम्हाला वाटतं तो पैसे लांबवतोय. त्याच्या इनबॉक्समध्ये काहीच नाही म्हणून त्याला वाटतं तुम्ही पाठवलंच नाही. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. मेल मधल्या मध्ये एखाद्या फिल्टरने अडवलेला असतो, आणि त्याची खबर दोघांनाही नसते.

स्वतःचं डोमेन नुकतंच घेतलेल्या, छोट्या संस्थेची किंवा व्यवसायाची मेलव्यवस्था अंगावर पडलेल्या आणि 'तुमचे मेल पोचत नाहीत' ही तक्रार पहिल्यांदाच ऐकणाऱ्या माणसासाठी हा लेख आहे. नोकरीचा अर्ज, कोटेशन, परीक्षेचा निकाल, दवाखान्याचा अहवाल असं काहीही त्या मेलमध्ये असू शकतं. त्यामुळे 'स्पॅममध्ये बघा ना एकदा' एवढ्यावर हा विषय सोडून देणं मला पटत नाही.

अशी तक्रार आली की बहुतेक जण आधी विषयाच्या ओळीला हात घालतात. 'फ्री' शब्द काढतात, उद्गारचिन्हं पुसतात, मोठ्या अक्षरांची छोटी करतात आणि पुन्हा पाठवतात. मेल पुन्हा अडकतो. कारण आजचे फिल्टर आधी माणूस बघतात आणि मग मजकूर. मेल कोण पाठवतंय, तो खरंच तोच आहे का आणि त्याची आजवरची वागणूक कशी आहे, या तीन गोष्टींवरच बहुतेकदा निकाल लागलेला असतो. म्हणून शोधही त्याच क्रमाने घ्यायचा.

आधी थोडं मूळ

ईमेलची ने-आण ज्या नियमांवर चालते ते एसएमटीपी जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढलं. त्या काळी जाळ्यावरचे लोक मोजके होते आणि बरेचसे एकमेकांना ओळखत होते. त्यामुळे 'मी अमुक' असं पाठवणाऱ्याने सांगितलं की ते खरं धरायचं, अशी ती रचना होती. पडताळणीची सोयच नव्हती. खरं तर इशारा त्याआधीच मिळाला होता. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुअर्क यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे ४०० जणांना एका दमात पाठवली होती. तो पहिला स्पॅम मानला जातो.

आज जगात फिरणाऱ्या ईमेलपैकी जवळपास निम्मा कचरा असतो. तो अडवण्यासाठी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मूळ नियमांवर थरावर थर चढवले गेले. यातला प्रत्येक थर अंदाजावर किंवा कुणीतरी नीट भरलेल्या नोंदीवर चालतो. नोंद चुकली किंवा अंदाज चुकला की तुमचा बिचारा खरा मेल त्यात सापडतो.

पायरी १: मेल नेमका कुठे अडला ते ठरवा

'पोचला नाही' या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या घटना लपलेल्या असतात. मेल नाकारला जाऊन परत आलेला असतो, 'नंतर या' म्हणून थांबवलेला असतो, स्पॅम फोल्डरमध्ये पडलेला असतो, किंवा समोरच्या सर्व्हरने घेतला पण कुणालाच दिसत नाही असं झालेलं असतं. यातलं काय घडलं ते ठरवल्याशिवाय पुढे काहीही दुरुस्त करायला जाऊ नका.

मेल परत आला असेल तर 'मेलर-डीमन' किंवा 'मेल डिलिव्हरी सबसिस्टिम' अशा नावाने इंग्रजीतलं एक किचकट पत्र आलेलं असतं. नवखा माणूस ते घाबरून पुसून टाकतो. ते पुसू नका. अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे.

त्यात एक तीन आकडी संख्या शोधा. ती ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे आणि तुमचा सर्व्हर आपणहून पुन्हा प्रयत्न करेल. ५ ने सुरू होत असेल तर नकार कायमचा आहे आणि कारण दूर केल्याशिवाय पुन्हा पाठवून उपयोग नाही. त्याच्या शेजारी टिंबांनी जोडलेले आणखी तीन आकडे असतात. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच अस्तित्वात नाही. ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरला आहे. या दोन्हींचा स्पॅमशी काही संबंध नाही, आणि 'स्पॅमची तक्रार' म्हणून आलेली बरीच प्रकरणं इथेच संपतात. ५.७ ने सुरू होणारे आकडे मात्र सुरक्षेचे आणि धोरणाचे. म्हणजे फिल्टरने अडवलं.

एक नेहमीचा नमुना बघा: '५५४ ५.७.१ सर्व्हिस अनअव्हेलेबल; क्लायंट होस्ट ब्लॉक्ड यूझिंग झेन डॉट स्पॅमहाउस डॉट ऑर्ग'. मधल्या कंसात आयपी पत्ता असतो, म्हणजे जाळ्यावर यंत्र ओळखायचा क्रमांक. या एका ओळीत सगळं आलं: नकार कायमचा आहे, कारण धोरणाचं आहे, अडवलं ते तुमच्या मजकुराला नाही तर पाठवणाऱ्या यंत्राच्या आयपीला, आणि तो आयपी स्पॅमहाउस या संस्थेच्या, कचरा पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत आहे. अशा वेळी विषयाची ओळ बदलण्यात दिवस घालवणं म्हणजे नुसता वेळेचा अपव्यय. जीमेलकडून ५५० ५.७.२६ आला तर पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही, असा त्याचा अर्थ आणि उत्तर तिसऱ्या पायरीत आहे.

४५० किंवा ४५१ दिसला तर बहुधा 'ग्रेलिस्टिंग' आहे. अनोळखी सर्व्हरला पहिल्या वेळी मुद्दाम 'थोड्या वेळाने या' असं सांगायची ही युक्ती २००३ पासून वापरात आहे. नियमाने चालणारा सर्व्हर थांबून पुन्हा येतो, घाईत कचरा ओतणारे बहुतेक प्रोग्रॅम परत येत नाहीत. त्यामुळे पहिला मेल काही मिनिटं ते तासभर उशिरा पोचतो आणि पुढचे लगेच जातात. घोळ होतो तो वेबसाइटवरच्या काही छोट्या प्रोग्रॅमांचा. ते सर्व्हरशी थेट बोलून मेल पाठवतात, पण पुन्हा प्रयत्न करायची सोय त्यांच्यात नसते. मग पासवर्ड बदलायचा मेल काही ठिकाणी कधीच पोचत नाही. असा प्रोग्रॅम मेल थेट पाठवत असेल तर त्याला एखाद्या खऱ्या मेल सर्व्हरमार्फत पाठवायला लावा.

राहिला चौथा प्रकार. तुमच्या सर्व्हरच्या नोंदीत २५० हा आकडा असतो, म्हणजे समोरच्याने मेल ताब्यात घेतला. तो इनबॉक्समध्ये ठेवला असं त्यातून सिद्ध होत नाही. मोठ्या कंपन्यांमध्ये मेल 'क्वारंटाइन'मध्ये, म्हणजे संशयित मेल बाजूला ठेवायच्या जागेत जातो आणि तिथे तो फक्त त्यांच्या आयटी विभागाला दिसतो. याचा उपाय शेवटच्या पायरीत.

पायरी २: मेलचे मथळे उघडा

वेगळ्या कंपनीवर तुमचं स्वतःचंच एखादं खातं असू द्या. आपल्या डोमेनवरून तिथे एक साधा मेल पाठवा आणि त्याचे पूर्ण मथळे, म्हणजे मेल कुठून कसा आला याच्या एरवी न दिसणाऱ्या नोंदी, उघडा. जीमेलमध्ये मेलच्या उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर 'शो ओरिजिनल' असा पर्याय आहे. वरच्या बाजूलाच एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या तीन तपासण्यांपुढे 'पास' की 'फेल' ते लिहिलेलं असतं. दुसऱ्या सेवांमध्ये 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' नावाची ओळ शोधा, तीच माहिती तिथे मिळते.

तिन्ही पास असतील तर चौथ्या पायरीवर जा. एकही फेल असेल किंवा जागा रिकामी असेल तर इथून पुढे नीट वाचा, कारण खऱ्या मेलच्या अडचणींचं सगळ्यात मोठं कोठार हेच आहे.

पायरी ३: तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा

प्रत्येक मेलवर पाठवणाऱ्याचं नाव दोन ठिकाणी असतं. टपालाच्या पत्रासारखंच: पाकिटावर एक पत्ता आणि आतल्या कागदाच्या डोक्यावर दुसरा. सर्व्हर एकमेकांशी बोलताना पाकिटावरचा पत्ता वापरतात, वाचणाऱ्याला दिसतो तो आतला 'फ्रॉम'. हे दोन्ही सारखेच असले पाहिजेत अशी मूळ नियमात अट नव्हती. तिन्ही तपासण्यांचं मर्म या फरकात आहे, तो एकदा ध्यानात आला की पुढचं सोपं जातं.

एसपीएफ ही डोमेनच्या डीएनएसमधली, म्हणजे डोमेनबद्दलची माहिती जगाला सांगणाऱ्या नोंदवहीतली, एक ओळ असते. 'आमच्या नावाने मेल पाठवायची मुभा या या सर्व्हरना आहे' एवढंच ती सांगते, आणि ती ताडून पाहिली जाते पाकिटावरच्या पत्त्याशी. यात दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली म्हणजे दोन ओळी असणं. वेबसाइट ठेवणाऱ्या कंपनीने सुरुवातीला एक ओळ घालून दिलेली असते. पुढे वृत्तपत्रिका पाठवायची सेवा घेतली की तिच्या सूचनेप्रमाणे दुसरी घातली जाते. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन दिसल्या की तपासणी चुकीची ठरवून सोडून दिली जाते आणि कालपर्यंत नीट जाणारे मेलही अडू लागतात. दोन्हींतला मजकूर एकाच ओळीत जोडा.

दुसरी चूक १० च्या मर्यादेची. एसपीएफ तपासताना जास्तीत जास्त १० वेळा डीएनएसमध्ये विचारणा करता येते. ओळीतला प्रत्येक 'इन्क्लूड', म्हणजे 'या सेवेची यादीही धरा' असं सांगणारा शब्द, एक विचारणा खातो आणि त्याच्या आत आणखी 'इन्क्लूड' असतील तर तेही मोजले जातात. मेल, हिशोब, ग्राहकसेवा, वृत्तपत्रिका अशा चार-पाच सेवा जोडल्या की मर्यादा नकळत ओलांडली जाते. ज्या सेवा आता वापरात नाहीत त्या काढून टाका. ओळीच्या शेवटी 'ऑल' या शब्दाआधी चिन्ह असतं: उणे म्हणजे बाकी सगळ्यांना साफ नकार, '~' म्हणजे संशय घ्या पण लगेच नाकारू नका. सुरुवात '~' ने करा. आणि चुकूनही तिथे अधिकचं चिन्ह ठेवू नका, त्याने जगातल्या कुणालाही तुमच्या नावाने पाठवायची मुभा मिळते.

डीकिम ही मेलवरची डिजिटल सही. तुमचा सर्व्हर गुप्त किल्लीने मेलवर सही करतो, तिची जुळणी करायची उघड किल्ली डीएनएसमध्ये असते. किल्ली २०४८ बिटांची घ्या. मात्र डीएनएसच्या नोंदीत मजकुराचा एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि २०४८ बिटांची किल्ली त्यात मावत नाही, म्हणून ती दोन तुकड्यांत भरावी लागते. चिकटवताना मध्ये एखादं अक्षर गळलं की सही जुळत नाही. 'सगळं सांगितल्याप्रमाणे केलं तरी डीकिम फेल' असं झालं तर आधी डीएनएसमधली किल्ली मूळ किल्लीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. सही झाल्यावर मेलमध्ये काही बदललं तरीही ती मोडते, उदाहरणार्थ बाहेर जाणाऱ्या मेलच्या तळाशी सूचनेचा मजकूर चिकटवणारं एखादं यंत्र सहीच्या नंतर बसवलेलं असेल तर.

डीमार्क या दोघांना वाचणाऱ्याला दिसणाऱ्या 'फ्रॉम'शी बांधतं. एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी निदान एक पास हवं, आणि ते ज्या डोमेनसाठी पास झालं ते 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळायला हवं. नवख्यांची सर्वात जास्त गफलत इथे होते. वृत्तपत्रिकेच्या सेवेतून पाठवलेल्या मेलला एसपीएफ पास दिसतं, पण ते त्या सेवेच्या डोमेनसाठी असतं, तुमच्या नाही. जुळणी नाही म्हणून डीमार्क फेल. उपाय: त्या सेवेच्या सेटिंगमध्ये 'डोमेन ऑथेंटिकेशन' शोधा, ती देईल त्या नोंदी तुमच्या डीएनएसमध्ये घाला, म्हणजे तिची डीकिम सही तुमच्या डोमेनच्या नावाने होईल.

हीच गोष्ट वेबसाइटवरच्या संपर्क फॉर्मची. कित्येक फॉर्म पाहुण्याने भरलेला पत्ता थेट 'फ्रॉम'मध्ये टाकतात. म्हणजे तुमचा सर्व्हर दुसऱ्याच कुणाच्या नावाने मेल पाठवतोय, आणि फिल्टरच्या नजरेत ही सरळ तोतयेगिरी आहे. मग चौकशीचे मेल तुमच्यापर्यंतच पोचत नाहीत आणि गिऱ्हाईक समजतं तुम्ही उत्तर देत नाही. 'फ्रॉम'मध्ये तुमच्याच डोमेनचा पत्ता ठेवा, पाहुण्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये घाला. पाच मिनिटांचं काम आहे.

डीमार्कचं धोरण तीन प्रकारचं: 'नन' म्हणजे फक्त नजर ठेवा, 'क्वारंटाइन' म्हणजे स्पॅममध्ये टाका, 'रिजेक्ट' म्हणजे दारातूनच परत पाठवा. सुरुवात 'नन'ने करा आणि अहवालांसाठी एक पत्ता द्या. मोठ्या मेलसेवा तुमच्या नावाने कुठून किती मेल आले याचा गोषवारा साधारण रोज पाठवतात. तो एक्सएमएलमध्ये असतो आणि नुसत्या डोळ्यांनी वाचायला त्रासदायक, पण वाचून दाखवणारी मोफत साधनं आहेत. काही आठवडे हे अहवाल बघितले की विसरलेली एखादी सेवा त्यात हमखास सापडते. तिची सोय लावल्यावरच पुढचं धोरण घ्या.

घाईने 'रिजेक्ट' लावलं की काय होतं ते एप्रिल २०१४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. याहूने आपल्या डोमेनला 'रिजेक्ट' लावलं. याहूचा सदस्य एखाद्या गटाला मेल लिहायचा, गटाचा सर्व्हर तो विषयात गटाचं नाव जोडून सगळ्यांना पुढे पाठवायचा, त्यात सही मोडायची, आणि मेल घेणाऱ्या सेवा याहूच्याच सांगण्याप्रमाणे तो नाकारायच्या. वर असं की मेल वारंवार परत येतोय म्हणून गटाचं सॉफ्टवेअर घेणाऱ्या निरपराध सदस्यांनाच यादीतून काढू लागलं. यात कुणीही स्पॅम पाठवला नव्हता.

पुढे पाठवलेल्या, म्हणजे फॉरवर्ड होणाऱ्या मेलचं दुखणं याच जातीचं. जुन्या पत्त्यावरचे मेल आपोआप नव्या पत्त्यावर जायची सोय लावली की तिथे मेल पोचवणारा सर्व्हर मधला असतो, तुमच्या एसपीएफ यादीत तो नसतो, म्हणून एसपीएफ पडतं. मजकुराला हात लागला नसेल तर डीकिमची सही मात्र टिकते. म्हणून माझं ठाम मत आहे की दोन्हींतलं एकच करायला वेळ असेल तर डीकिम करा.

पायरी ४: तुमच्या आयपीची आणि डोमेनची पत तपासा

ओळख पटली तरी पुढचा प्रश्न उरतोच: हा माणूस वागायला कसा आहे? त्यासाठी काळ्या याद्या असतात. सगळ्यात वजनदार यादी स्पॅमहाउसची, ही संस्था १९९८ पासून हेच काम करते आहे. तुमचा आयपी आणि डोमेन दोन्ही त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतात.

नाव सापडलं तर कुठल्या यादीत ते बघा. पीबीएल या यादीत असणं म्हणजे गुन्हा नव्हे. घरगुती आणि बदलत्या आयपींवरून थेट मेल पाठवला जाऊ नये, यासाठी ती यादी आहे. तुमच्या जागेवरचा प्रिंटर किंवा हिशोबाचा संगणक थेट मेल पाठवायला बघत असेल तर तो इथे अडतो. त्याला पासवर्डसह ५८७ किंवा ४६५ या पोर्टवरून तुमच्या मेल सर्व्हरमार्फत पाठवायला लावा. एक्सबीएलमध्ये नाव असेल तर जागेवरच्या एखाद्या यंत्राला लागण झाल्याची दाट शक्यता आहे. आधी ते यंत्र शोधा आणि मग नाव काढायची विनंती करा, नाहीतर दोन दिवसांत पुन्हा यादीत जाल. स्पॅमहाउस नाव काढायला पैसे घेत नाही. पैसे मागणाऱ्या मध्यस्थांच्या नादी लागू नका.

स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच आयपीवरून शेकडो डोमेनांचे मेल जातात. त्यातल्या एकाचा पासवर्ड चोरीला गेला आणि रात्रीतून हजारो मेल बाहेर पडले की शिक्षा सगळ्यांना होते. तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत: कंपनीला आयपीसकट कळवणं आणि मेल वेगळ्या, मेलचंच काम करणाऱ्या सेवेवर हलवणं. मी दुसरा मार्ग सुचवेन. वेबसाइट जिथे आहे तिथेच मेलही असला पाहिजे, असा काही नियम नाही.

डोमेनचं नाव यादीत जायचं एक कारण सहसा लक्षात येत नाही. तुमच्या वेबसाइटमध्ये कुणी घुसून फसवणुकीचं एखादं पान लपवून ठेवलं असेल तर डोमेन बदनाम होतं, आणि मग सहीखाली तुमच्या वेबसाइटचा दुवा असलेला प्रत्येक मेल संशयित ठरतो. मेल सर्व्हर स्वच्छ, नोंदी बरोबर, तरीही मेल अडतात असं असेल तर वेबसाइट तपासून घ्या.

चूक समोरच्याचीही असू शकते. स्पॅमहाउसची मोफत यादी सार्वजनिक डीएनएस सेवेमार्फत विचारली तर उत्तर म्हणून १२७.२५५.२५५.२५४ येतं, त्याचा अर्थ 'असं विचारू नका'. काही सर्व्हरची मांडणी अशी असते की कुठलंही उत्तर आलं की नाव यादीत आहे असं ते धरतात. मग त्यांच्याकडे कुणाचाच मेल पोचत नाही. स्पॅमहाउसच्या संकेतस्थळावर तुमचा आयपी स्वच्छ दिसतो आणि परत आलेल्या मेलमध्ये मात्र त्यांचंच नाव आहे, असं झालं तर हा संशय घ्या आणि समोरच्या आयटी विभागाला कळवा.

स्वतःचा सर्व्हर चालवत असाल तर आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, असलीच पाहिजे. ती तुमच्या डीएनएसमध्ये घालता येत नाही, आयपी ज्याच्याकडून घेतला त्यालाच सांगावी लागते. आणि डोमेन नवंकोरं असेल तर पहिल्याच दिवशी दोन हजार मेल सोडू नका. रोज थोडे थोडे, ओळखीच्या आणि उत्तर देणाऱ्या लोकांपासून सुरुवात करून वाढवत जा.

पायरी ५: वाचणारे काय करतात ते बघा

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या बाबतीत दिवसाला सुमारे ५००० मेल ही हद्द आहे. तिच्यापुढे तिसऱ्या पायरीतल्या तिन्ही गोष्टी सक्तीच्या, जाहिरातवजा मेलमध्ये एका क्लिकने यादीतून बाहेर पडायची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत पोचता कामा नयेत, ०.१ च्या खाली ठेवा असा सल्ला आहे. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून आपल्या घरगुती खात्यांसाठी ओळख पटवण्याचे असेच नियम आणले.

०.३ टक्के म्हणजे हजारात तीन. २०० जणांच्या यादीत एकाने जरी 'स्पॅम' दाबलं तरी ०.५ टक्के होतात. लोक हे बटण दुष्टपणाने दाबत नाहीत. बाहेर पडायचा दुवा सापडला नाही की हाताशी असलेलं बटण दाबलं जातं. म्हणून तो दुवा ठळक ठेवा आणि लपवू नका.

विकत घेतलेली यादी कधीही वापरू नका. जुन्या, मालक नसलेल्या पत्त्यांचे सापळे करून ठेवलेले असतात, आणि तिथे मेल गेला की पाठवणाऱ्याने पत्ते परवानगीने घेतलेले नाहीत हे उघड होतं. स्वतःची यादीही वर्षानुवर्षं न झाडता ठेवली तर तिच्यात असे पत्ते शिरतात. परत आलेले पत्ते लगेच काढा.

पायरी ६: आता मजकूर

मजकुराला गुण देण्याची पद्धत अजून आहे. स्पॅमॲसॅसिन या मोफत फिल्टरमध्ये प्रत्येक खुणेला गुण असतात आणि मुळात ठरवलेली हद्द ५ गुणांची आहे. नियम माणसं लिहितात, म्हणून तेही चुकतात. १ जानेवारी २०१० ला जगभरच्या अगदी साध्या मेलना अचानक तीनच्या आसपास जादा गुण बसू लागले. 'तारीख फार पुढची आहे' हे ओळखणारा नियम काही वर्षांपूर्वी लिहिताना २०१० आणि त्यापुढचं वर्ष म्हणजे लांबचं भविष्य असं धरलेलं होतं. २०१० उजाडलं आणि तारीख बरोबर असणं हाच दोष ठरला.

तुम्ही काय टाळायचं? नुसतं एक चित्र चिकटवलेला, मजकूर नसलेला मेल. लहान केलेले दुवे, कारण ते आखूड डोमेन ठकही वापरतात. दुव्यावर दिसणारा पत्ता एक आणि उघडणारा दुसरा. जोडफायलींमध्ये मॅक्रो, म्हणजे आत दडलेले छोटे प्रोग्रॅम, असलेली कागदपत्रं आणि पासवर्ड लावलेली झिप फाइल, जिच्या आत फिल्टरला बघता येत नाही. जीमेल चालवता येणाऱ्या फायली, अगदी झिपमध्ये बांधलेल्या असल्या तरी, घेतच नाही. मोठ्या फायलींबद्दल एवढंच: मेलमध्ये जोडताना फाइलचा आकार सुमारे एक तृतीयांशाने फुगतो, त्यामुळे २५ एमबीच्या मर्यादेत २० एमबीची फाइलही अडू शकते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मायक्रोसॉफ्ट ३६५ सारख्या व्यवस्थेत ठरावीक भाषांमधले किंवा ठरावीक देशांतून आलेले मेल सरसकट स्पॅम समजायची सोय असते. एखाद्या कंपनीने ती लावली असेल तर तुमच्या बाजूने सगळं चोख असूनही मेल अडेल. तेव्हा त्यांच्याशी बोलण्यावाचून इलाज नाही.

पायरी ७: घेणाऱ्याकडून काय करून घ्यायचं

घेणारा तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला स्पॅम फोल्डर उघडून 'नॉट स्पॅम' दाबायला सांगा. नुसता मेल ओढून बाहेर काढण्यापेक्षा हे बटण जास्त उपयोगी, कारण फिल्टर त्यातून शिकतो. शिवाय तुमचा पत्ता संपर्कात जोडायला सांगा. जीमेलमध्ये फिल्टर बनवून 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' निवडता येतं. हे लवकर करायला सांगा, जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी पुसून टाकतं. 'प्रमोशन्स'मध्ये गेलेला मेल स्पॅम नव्हे, तो पोचलेला आहे. त्यासाठी डोकं शिणवू नका. आणि घेणाऱ्याने स्वतःच कधीतरी तुम्हाला 'ब्लॉक' केलेलं नाही ना, हेही मोकळेपणाने विचारा.

समोर कंपनी किंवा कार्यालय असेल तर गाठ त्यांच्या आयटी विभागाशी. मेल घेणाऱ्या प्रत्येक डोमेनवर 'पोस्टमास्टर' नावाचा पत्ता असावा असा नियमच आहे. तिथे लिहा, पण तुमच्या अडकलेल्या डोमेनवरून न लिहिता दुसऱ्या खात्यावरून लिहा, नाहीतर हाही मेल तिथेच अडकेल. 'आमचे मेल पोचत नाहीत, कृपया बघा' एवढ्याने कुणी काही शोधू शकत नाही. त्यात हे सगळं द्या: पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता, पाठवल्याची तारीख आणि वेळ टाइम झोनसकट, तुमच्या सर्व्हरचा आयपी, मथळ्यातला 'मेसेज-आयडी', आणि मेल परत आला असेल तर ते अख्खं पत्र जसंच्या तसं, मजकूर म्हणून चिकटवून. स्क्रीनशॉट नको, त्यातून आकडे कॉपी करता येत नाहीत. शेवटी एका ओळीत तिन्ही तपासण्या पास असल्याचं लिहा. एवढं हातात पडलं की समोरच्याला त्याच्या नोंदींमध्ये तुमचा मेल शोधून सोडता येतो, आणि पुढच्यांसाठी तुमचं डोमेन परवानगीच्या यादीत घालता येतं.